नऊच्या पुढे न जाणारा नॉब

माझ्या व्हॉल्व्ह प्रीॲम्पचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या आणि स्पीकर हलवणाऱ्या पॉवर ॲम्पच्या आधी बसणाऱ्या पेटीचा, व्हॉल्यूम नॉब गेल्या अकरा वर्षांत घड्याळातल्या नऊच्या पुढे क्वचितच गेला असेल. सातवर तो पूर्ण बंद असतो, आठवर खोलीपुरते ऐकू येते आणि नऊवर शेजाऱ्यांनाही. नऊपासून पाचपर्यंतचा उरलेला फेरा मी पैसे मोजून घेतला खरा, पण कधी वापरला नाही. ज्या अमेरिकी कंपनीकडून हे किट मागवून मी स्वतः जोडले, तिने आता त्याची सुधारित आवृत्ती येत असल्याचे जुन्या ग्राहकांना कळवले आहे. पत्र वाचल्याच्या दिवसापासून मी वाट पाहत आहे आणि त्याचबरोबर धास्तावलेलाही आहे, कारण त्यांनी कळवलेल्या सुधारणांमध्ये माझ्या नॉबचे दुखणे वाढवणारी एक सुधारणा आहे.

आधी दुखणे काय ते सांगतो. या किटमध्ये १२एयू७ जातीचे दोन व्हॉल्व्ह आहेत, एक डाव्या बाजूसाठी आणि एक उजव्या. प्रत्येक व्हॉल्व्हच्या काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल हाताळणारे दोन स्वतंत्र भाग, असतात. त्यांतला पहिला सिग्नल मोठा करतो आणि दुसरा, ज्याला कॅथोड फॉलोअर म्हणतात, तो मोठा न करता फक्त पुढच्या केबलला नेण्याइतका जोर देतो. त्यामुळे आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलच्या वाटेतला अडथळा, पाचशे ओहमच्या आसपास येतो, आणि लांब केबल लावली तरी वरचे स्वर मंदावत नाहीत. इथपर्यंत रचना उत्तम आहे. पण पहिला ट्रायोड सिग्नल सुमारे बारा पटींनी वाढवतो. टेप डेक आणि एफएम ट्यूनर यांच्या काळात, जेव्हा अर्ध्या व्होल्टच्या आतबाहेरच सिग्नल मिळे, तेव्हा हे ठीक होते. आज माझा सीडी प्लेयर पूर्ण पातळीला दोन व्होल्ट देतो आणि माझ्या पॉवर ॲम्पला पूर्ण ताकदीसाठी एकच व्होल्ट पुरतो. म्हणजे जे आधीच दुप्पट आहे, त्याचा व्हॉल्यूम कंट्रोलवर गळा दाबायचा आणि लगेच पुढे व्हॉल्व्हकडून त्याला ओरडायला लावायचे, असा हा व्यवहार आहे.

याचे परिणाम नुसते तात्त्विक नाहीत. व्हॉल्यूम नॉबमागचा कार्बनच्या पट्टीचा दुहेरी पोटेन्शिओमीटर सुरुवातीच्या टोकाला दोन्ही बाजूंना सारखा चालत नाही. रात्री साडेदहानंतर आवाज कमी केला, की गायक मधली जागा सोडून हळूच डावीकडे सरकतो आणि तबला त्याच्या मांडीवर येऊन बसतो. शिवाय व्हॉल्व्हची स्वतःची खरखर व्हॉल्यूम कंट्रोलच्या नंतर निर्माण होत असल्याने नॉब कितीही खाली आणला तरी ती तेवढीच राहते.

खरखरीपेक्षा मला जास्त त्रास दिला तो गुणगुणीने. माझ्या जुन्या किटचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठीच गुंडाळलेला होता. व्होल्टेज स्टेपडाउन लावून उतरवता येते, पण पुण्यातल्या विजेची ५० हर्ट्झची चाल कुठलाही स्टेपडाउन बदलू शकत नाही. त्याच व्होल्टेजला वारंवारता ६० वरून ५० वर आली, की गाभ्यातले चुंबकीय फ्लक्स एक पंचमांशाने वाढते. ट्रान्सफॉर्मर तापू लागतो, थरथरतो आणि त्याच्याबाहेर सांडणारे चुंबकीय क्षेत्र शेजारच्या तारांमध्ये शिरते. काळी एकमध्ये गाणारा गायक लावला, की ही ५० हर्ट्झची गुणगुण बरोबर त्याच्या तीव्र मध्यमाच्या जवळपास पडते. भूप लावा किंवा मालकंस, माझ्या घरी पार्श्वभूमीला तीव्र मध्यम हजर असे!

प्रथम मला वाटले, की पॉवर सप्लायमधला, वीज सपाट करणारा कंडेन्सर कमी पडत असेल. म्हणून मी आणखी शंभर मायक्रोफॅरड जोडले आणि काडीचा फरक पडला नाही. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की सप्लायमधली गुणगुण १०० हर्ट्झची असते आणि ही त्याच्या निम्म्यावर, म्हणजे थेट ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी आहे. मग एका रविवारी ट्रान्सफॉर्मरचे चारही बोल्ट काढले, इनपुट शॉर्ट केले, मुलाला स्पीकरला कान लावून बसवले आणि एक हात पाठीमागे ठेवून, दुसऱ्या हातातल्या लाटण्याने तो चालू ट्रान्सफॉर्मर जागच्या जागी थोडा थोडा फिरवू लागलो. आत अडीचशेच्या आसपास डीसी व्होल्ट असतात, त्यामुळे हा प्रकार कुणी करावा असे मी म्हणणार नाही. मुलगा ‘कमी... कमी... अजून कमी... बाबा, वाढलं’ असे सांगत होता. जिथे त्याला ऐकू येईनासे झाले तिथे खुणा करून, वीज काढून, कंडेन्सर रिकामे करून मी चेसिसला नवी भोके पाडली. ट्रान्सफॉर्मर आजही तिथेच आहे, चौकोनी पेटीत तिरका बसलेला. घरी आलेले पाहुणे मला तो घाईत बसवला का असे विचारतात.

तर आता नव्या आवृत्तीविषयी. पहिल्या ट्रायोडच्या प्लेटला, म्हणजे मोठा झालेला सिग्नल जिथून निघतो त्या टोकाला, आजवर एक साधा रेझिस्टन्स असे. त्याऐवजी आता ट्रान्झिस्टरचा कॉन्स्टंट करंट सोर्स, म्हणजे प्रवाह सतत सारखा ठेवणारे सर्किट, येणार आहे. याने ट्रायोडवरचा भार हलका होतो आणि विकृती कमी होते, हे निर्विवाद आहे. पण याच कारणाने तो ट्रायोड त्याच्या वर्धनांकाच्या, म्हणजे तो सिग्नल जास्तीत जास्त किती पट करू शकतो त्या आकड्याच्या, अगदी जवळ काम करू लागतो आणि १२एयू७चा वर्धनांक सतराच्या आसपास आहे. म्हणजे जिथे बारा पटी नकोशा झाल्या होत्या, तिथे सतरा पटी मिळणार आणि माझा नॉब नऊवरून साडेआठवर येणार.

मला खरोखर हवी आहे ती याच्या उलट दिशेची सुधारणा. करंट सोर्स जरूर ठेवावा, पण आउटपुटला चारास एक असा उतरता ट्रान्सफॉर्मर द्यावा. त्याने सिग्नल चौपट कमी होईल आणि आउटपुट इम्पीडन्स सोळापट उतरेल. व्हॉल्व्हची खरखरही सिग्नलबरोबर खाली येईल, जे इनपुटला रेझिस्टन्सची जोडी लावून कधीच साधत नाही. दुसरा मार्ग १२बी४ए या व्हॉल्व्हचा आहे, कारण त्याचा वर्धनांक जेमतेम साडेसहा आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो कदाचित जास्त स्वच्छ मार्ग असेल. पण इथे माझा स्वार्थ आड येतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले आणि १२एयू७चाच युरोपीय नावाचा भाऊ, ईसीसी८२, त्यांच्या शिक्क्याने माझ्या खणात सात नग पडून आहे. एका जुन्या रेडिओ दुरुस्ती करणाऱ्यांनी दुकान बंद करताना वर्तमानपत्रात गुंडाळून ते मला दिले होते. व्हॉल्व्हची जात बदलली, तर ते सातही निरुपयोगी होतात.

नव्या आवृत्तीतल्या रेग्युलेटेड, म्हणजे आतले व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या, पॉवर सप्लायचे मी स्वागत करतो. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज २०५ आणि पहाटे २४५ असते. तिच्यातल्या प्रिंटेड सर्किट बोर्डाचे मात्र मला तितके कौतुक नाही. जुन्या किटमध्ये प्रत्येक टॅगला, म्हणजे तार डकवायच्या पत्र्याच्या कानाला, क्रमांक होता, तार एका टॅगवरून दुसऱ्या टॅगवर जाई, आणि ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा सांधा, राहिले तर ते डोळ्यांनी दिसे. बोर्डावर चूक कमी होते हे मान्य, पण उद्या मला काही बदलायचे झाले, तर तांब्याची पट्टी खरवडत बसावे लागेल.

सर्वांत महत्त्वाची मागणी मी त्यांना वेगळी लिहून पाठवली आहे. फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीचा पीएएस-३ हा व्हॉल्व्ह प्रीॲम्प साठच्या दशकात किटच्या रूपात घरोघरी जोडला गेला. १९६६मध्ये त्याची पीएएस-३एक्स ही सुधारित आवृत्ती आली, जिच्यात टोन कंट्रोल मधोमध ठेवला की तो सिग्नलच्या वाटेतून बाजूला होई. जुना प्रीॲम्प असलेल्यांना तेवढ्या बदलापुरते भाग वेगळे विकत घेता येत. साठ वर्षांपूर्वी हे जमत होते, तर आज जमायला हरकत नसावी. मला नवी पेटी, नवे पुढचे पॅनेल, नवा पॉवर स्विच यांतले काहीही नको आहे. करंट सोर्स, रेग्युलेटर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर एवढे एका पाकिटात मिळाले, तर माझ्या तिरक्या पेटीत मी त्यांना जागा करून देईन, आणि कस्टम्सलाही कमी पैसे द्यावे लागतील.

त्यांच्या पत्रात आणखी एक ओळ होती. परदेशी ग्राहकांना हवे असल्यास मुख्य ट्रान्सफॉर्मरविना किट मिळेल. म्हणून गेल्या शनिवारी मी बुधवार पेठेत ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्या काकांकडे गेलो. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, गाभा एक माप मोठा आणि वर तांब्याचा पट्टा, असे सगळे सांगून झाल्यावर त्यांनी पेन्सिल कानामागून काढली आणि विचारले, ‘हाय टेन्शनला किती मिलीॲम्प धरू?’ हाय टेन्शन म्हणजे व्हॉल्व्हना लागणारा तो अडीचशे व्होल्टचा पुरवठा; जुन्या सर्किटला तिथे पंचवीस पुरत होते. नव्यातला रेग्युलेटर शंट जातीचा, म्हणजे जादा प्रवाह स्वतःतच जिरवणारा, असला तर त्याच्या दुप्पटही लागतील, आणि ते कंपनीने अजून सांगितलेले नाही. मी म्हणालो, ‘काका, तेवढं कळवतो.’ त्यांनी वहीत बाकीचे आकडे लिहून घेतले आणि ती जागा कोरी ठेवली.