भांडुपचा वन बीएचके भाड्याने देताना

"मॅडम, नोटरी करून टाकू. भाडेकरू खूश, तुम्हीपण मोकळ्या," एजंटने पहिल्याच दिवशी सुचवलं. मी ठाम नाही म्हटलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर्ड लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. रजिस्टर्ड करार नसताना वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच ग्राह्य धरतात. ते खोटं पाडायचं काम मग आपलं.

बरं, खर्च तरी किती? भाडं 25,000, डिपॉझिट एक लाख, मुदत 11 महिने. एकूण भाड्यात डिपॉझिटवरचं 10 टक्क्यांनी वर्षाचं व्याज मिळवायचं आणि त्या बेरजेवर 0.25 टक्के स्टॅम्प ड्युटी. आमची सातशेच्या आसपास झाली. रजिस्ट्रेशन फी 1,000. घरी येऊन अंगठे घेणाऱ्याचे पैसे वेगळे. फ्लॅट सासूबाईंच्या आणि माझ्या नावावर, आणि सासूबाईंचा अंगठा काही केल्या आधारशी जुळेना. "भांडी घासून रेषा राहिल्यात कुठे," त्या म्हणाल्या. हात पुसून, कोरडा करून, शेवटी दुसऱ्या बोटावर जमलं.

पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन दिली, प्रिंट फाइलला लावली. ते काम पटकन झालं.

खरी कसरत सोसायटीशी. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते शुल्क) म्हणून भाड्याच्या 10 टक्के, म्हणजे महिना 2,500 मागितले! सरकारचा 1 ऑगस्ट 2001 चा आदेश आहे: सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. माझ्या बिलात सेवा शुल्क 1,600, म्हणजे चार्जेस फार तर 160. तोंडी हुज्जत घातली नाही. अर्ज लिहिला, आदेशाची प्रत जोडली, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. पुढचं बिल दुरुस्त होऊन आलं. सेक्रेटरी मात्र लिफ्टमध्ये अजून मोबाइलमध्येच बघतात.

किल्ली देताना भाडेकरूसमोरच विजेच्या मीटरचा फोटो काढला. बाथरूमच्या टाइल्स, गिझर, खिडक्यांचे स्लायडर यांचा व्हिडिओ करून दोघांच्या व्हॉट्सॲपवर ठेवला. डिपॉझिटची भांडणं रंगकाम आणि तुटफुटीवरूनच होतात, म्हणून रंगाचे किती कापायचे तेही करारातच घातलं. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे दुप्पट भाडं द्यावं लागतं, हे सही करण्याआधी त्यांना वाचून दाखवलं. भाडेकरू मुलगा समजूतदार होता, हसून म्हणाला, "काकू, तेवढं वाचलंय मी."

हिशेब मांडताना नुसतं 25,000 गुणिले 12 करू नका. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर आपल्या खिशातून, वर एजंटची एका महिन्याची दलाली. इन्कम टॅक्समध्ये भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, तेवढा दिलासा. घर रिकामं राहिलं तरी मेंटेनन्स चुकत नाही, म्हणून जुना भाडेकरू निघायच्या महिनाभर आधीच मी एजंटला फोन करते.