एकवीस हजारांची रेघ

गेल्या महिन्यात शेजारच्या, सत्तरी ओलांडलेल्या आजींबरोबर मी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा अर्ज द्यायला तहसील कार्यालयात गेलो होतो. वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, आधार, पासबुक असे सारे कागद जुळले होते. घोडे अडले ते उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. मुलगा रोजंदारीवर जातो, त्यामुळे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न लाखाच्या घरात लिहिले गेले होते आणि योजनेची मर्यादा आहे २१,००० रुपये. परतताना आजींनी विचारले, "सुनेला लाडक्या बहिणीचे पैसे याच रेशनकार्डावर येतात, मग मला का नाही रे?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही.

वृद्धापकाळी शासनाने साहाय्य करावे, असे आपल्या राज्यघटनेचे ४१ वे कलम सांगते, पण 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' ही अटही त्याच वाक्यात आहे. पैसा अपुरा असला की कोणाला तरी वगळावे लागते, हे मला मान्य आहे. प्रश्न आहे तो वगळण्याच्या रीतीचा. केंद्राने १९९५ साली दरमहा ७५ रुपयांनी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू केले, २००६ मध्ये ते २०० रुपये झाले आणि साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी केंद्राचा वाटा आजही तेवढाच आहे. ऐंशीनंतर तो ५०० होतो. शिवाय प्रत्येक राज्याला लाभार्थ्यांची संख्या ठरवून दिलेली आहे, म्हणजे म्हातारी माणसे वाढली तरी केंद्राच्या यादीतल्या जागा वाढत नाहीत. उरलेला भार राज्यांवर येतो आणि ज्याची जशी तिजोरी व जशी राजकीय इच्छा, तशी रक्कम ठरते. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून २,००० रुपये मिळतात, आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये ही रक्कम ४,००० वर नेली, तर महाराष्ट्रात २०२३ पासून १,५०० रुपये आहेत.

महाराष्ट्राने रक्कम ६०० वरून १,००० आणि तिथून १,५०० केली, हे चांगलेच झाले. उत्पन्नाची रेघ मात्र २१,००० वरच राहिली. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये धरली, तर घरातल्या एकाच माणसाने वर्षात ६८ दिवस काम केले तरी ही रेघ ओलांडली जाते. इतकी खालची मर्यादा खऱ्या गरिबाला पाळता येत नाही. मग दाखला २१,००० चाच 'करून' आणावा लागतो, आणि ज्याची ओळख आहे त्याला तो मिळतो, ज्याची नाही त्याचा अर्ज पडून राहतो. पैशांची वाटणी कायद्याने न होता दाखल्याच्या खिडकीवर होते, आणि खोटे बोलण्याचे ओझे सत्तरीच्या बाईवर येते. याची मला फार चीड येते.

लाडकी बहीण योजनेत हेच राज्य, हीच १,५०० रुपयांची रक्कम, पण उत्पन्नमर्यादा अडीच लाखांची आणि पिवळे किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचीही गरज नाही. ही योजना वयाच्या पासष्टीपर्यंत आहे आणि श्रावणबाळ पासष्टीपासून सुरू होते. म्हणजे घरची कमाई तीच राहिली तरी, हातपाय चालतात तोवर जी बाई पात्र असते, तीच ते थकू लागल्यावर अपात्र ठरते. आजींच्या सुनेचेही पुढे असेच होणार आहे.

मला वाटते, श्रावणबाळलाही तेच रेशनकार्ड पुरावा म्हणून चालावे आणि मर्यादाही तीच असावी. फक्त आयकर भरणारी किंवा सरकारी निवृत्तिवेतन घेणारी कुटुंबे वगळावीत. खर्च वाढेल, हे उघड आहे. तो एकदम झेपत नसेल, तर आधी पंचाहत्तरीपुढच्यांना, मग सत्तरीपुढच्यांना असे वयाच्या क्रमाने घ्यावे. वय खोटे सांगायला कोणी लावत नाही, आणि आपली पाळी कधी येणार हे प्रत्येकाला आधीच कळते. आजींचा अर्ज सध्या नव्या दाखल्यासाठी परत आला आहे.