हे दुःख झालं, ठराव कुठं आहे?

"ताई, हे दुःख झालं. ठराव कुठं आहे?" आज ग्रामसभेत ग्रामसेवकांनी हे सौम्यपणेच विचारले, पण आमच्या गावच्या आरोग्यसेविका आशाताई वही हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

वहीत कपाशीवर फवारणी करताना चक्कर येऊन पडलेल्या मजुरांची नोंद होती : तारीख, किती पंप मारले, वारा कुठला होता, तोंडाला काय बांधले होते. एका नावासमोर 'बायकोच्या लुगड्याचा तुकडा' असे लिहिले होते.

२०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तो हंगाम ज्यांनी पाहिला, त्यांना या नोंदीचे मोल सांगावे लागत नाही. मात्र हातमोजे आणि मास्क यांचा खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात कसा मागायचा, ठरावाचा मजकूर कसा मांडायचा, सूचक आणि अनुमोदक आधीच कसे तयार ठेवायचे, हे आशाताईंना कोणी शिकवलेलेच नाही; त्यांना शिकवले गेले ते नोंदी ठेवणे आणि त्या वर पाठवणे.

संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसलो आणि चार वेळा खोडून पहिली ओळ लिहिली. तुमच्या गावात असा ठराव झाला असेल, तर त्याचा मजकूर पाठवाल का?