एररी, अर विद्‌वा आणि पाटीवरची पहिली ओळ

वेल्सच्या हद्दीत शिरताना रस्त्याकडेला पाटी लागते: ‘क्रोइसो इ गम्री’. वेल्समध्ये स्वागत. पण नकाशावर ‘गम्री’ शोधलं तर सापडणार नाही. वेल्श लोक आपल्या देशाला ‘कम्री’ म्हणतात. ‘इ’ म्हणजे आपला ‘ला’ किंवा ‘कडे’, आणि तो आधी आला की पुढच्या नावातल्या क चा ग होतो. आपण पुणे म्हणतो, पण जातो पुण्याला. सातारा म्हणतो, पण राहतो साताऱ्यात. आपलं सामान्यरूप शब्दाच्या शेपटीला होतं, यांचं डोक्याला. एवढं लक्षात ठेवलं की वेल्श नावांचा अर्धा गोंधळ हद्दीवरच सुटतो.

‘वेल्स’ हे नाव जुन्या इंग्रजीतल्या ‘परके’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलं. ‘कम्री’च्या मुळाशी ‘एका मुलखातले सोबती’ असा अर्थ आहे. कोणतं नाव घरातून आलं आणि कोणतं शेजाऱ्याने ठेवलं, ते यातच दिसतं. जागांची इंग्रजी नावं सोडून वेल्श नावंच वापरावीत का, या आज तिथे चाललेल्या वादाचं मूळही हेच आहे.

आमचा मार्ग उत्तरेचा होता: चेस्टरहून किनाऱ्याच्या रेल्वेने ल्हानदिदनो जंक्शन, तिथे गाडी बदलून कॉनवी नदीच्या खोऱ्यातून बेतुस-अ-कोइद, पुढे बसने डोंगर. चेस्टर इंग्लंडमध्ये आहे, तरी वेल्श वेळापत्रकात ते ‘काइर’ असतं. कार्डिफ ‘काइरदीद’, हॉलीहेड ‘काइरगबी’ आणि काइरनारवॉन तर काइरनारवॉनच. ‘काइर’ म्हणजे किल्ला किंवा गढी. वेल्समधल्या स्टेशनांवरचे फलक आलटून पालटून दोन भाषांत बदलतात. ‘काइर’ एवढंच वाचून कार्डिफच्या गाडीत बसलात तर देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचाल. श्रूजबरीसाठी ‘अमुइथिग’ आणि मँचेस्टरसाठी ‘मानकाइन्यॉन’ ही दोन नावं आधीच वहीत लिहून ठेवावीत. इंग्लंडमधल्या शहरांना वेल्शमध्ये स्वतंत्र नावं आहेत, लंडनलाही आहे, आणि त्यावर कुणी हरकत घेत नाही. वाद पेटतो तो वेल्समधल्याच जागांवरून.

उच्चारांपाशी थोडं थांबायला हवं, कारण ‘ही नावं आम्हाला म्हणताच येत नाहीत’ हा विरोधकांचा सर्वांत मोठा मुद्दा आहे. मराठी माणसाला तो तेवढा लागू होत नाही. लिपीतलं डब्ल्यू तिथे बहुधा उ असतं, यू म्हणजे ई, एकेरी एफ म्हणजे व, दुहेरी एफ म्हणजे फ. सी नेहमी क, कधीच स नाही. दुहेरी डी म्हणजे जीभ दातांना टेकवून हळू घासत काढलेला द. अवघड म्हणतात तो दुहेरी एल. जीभ ल च्या जागी टेकवायची, कंठातून आवाज काढायचा नाही आणि जिभेच्या दोन्ही कडांनी हवा सोडायची. ‘कोल्हापूर’मधला ल्ह घोष आहे, हा अघोष, तरी सुरुवात ल्ह पासून केली तर समोरच्याला नाव कळतं. इंग्रज प्रवासी ‘थ्ल’ किंवा ‘क्ल’ म्हणतात, ते फार लांब जातं. ‘र्‍हास’मधल्या र्‍ह चाही एक अघोष भाऊ वेल्शमध्ये आहे. शब्दातला जोर बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. ल्हानदिदनोत तो ‘दिद’वर, एररी या डोंगराळ मुलखाच्या नावात मधल्या ‘र’वर. जोर चुकला तर बाकी सगळं बरोबर असूनही ऐकणारा गोंधळतो.

रस्त्यावर मात्र वेगळी अडचण येते. आयर्लंडमध्ये आयरिश नाव तिरप्या अक्षरांत असतं, त्यामुळे नजर लगेच ओळ निवडते. वेल्समध्ये दोन्ही ओळी एकाच रंगात, एकाच वळणाच्या अक्षरांत. गाडी चालवणाऱ्याने हव्या त्या गावाची दोन्ही नावं आधी पाठ करावीत आणि सोबतच्याला पाटी वाचायला सांगावं. ही दुभाषी पाटी सहज मिळालेली नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून भाषेसाठी लढणाऱ्या तरुणांनी फक्त इंग्रजी असलेल्या पाट्यांना रंग फासला, त्यासाठी खटले आणि तुरुंगवास सोसला. १९७२ मध्ये बोवेन समितीने वेल्श वर आणि इंग्रजी खाली अशी शिफारस केली, तरी काही भागांत इंग्रजीच वर राहिली. २०१६ पासून लागू झालेल्या भाषा-मानकांमुळे नव्या पाट्यांवर वेल्श आधी येऊ लागली.

बेतुस-अ-कोइद म्हणजे रानातलं प्रार्थनाघर. यातलं ‘बेतुस’ जुन्या इंग्रजीतून वेल्शमध्ये आलं, हे शुद्धतेच्या नावाने भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावं. नाव कोणत्या मुळातून फुटलं यापेक्षा ते कुणाच्या तोंडात पिढ्यान्‌पिढ्या राहिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

इथून पश्चिमेला ऑगवेनचं खोरं. नकाशा १:२५,००० प्रमाणाचा घ्यावा; ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशासंस्थेच्या ओएल १७ या पत्रकात हा सगळा भाग येतो. आणि नावं वाचत चालावं, कारण ती पायवाटेची माहिती देतात. ‘बुल्ख’ म्हणजे खिंड. ‘क्लॉगविन’ म्हणजे कडा, तिथे धुक्यात कडेला जाऊ नये. ‘कॉर्स’ म्हणजे दलदल. हिरवळ दिसली म्हणून सरळ कापायला गेलात तर घोट्यापर्यंत पाय रुततो. ‘र्‍हीद’ म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, पाऊस झाला असेल तर तिथलं पाणी आधी पाहावं. ‘क्रीब’ म्हणजे धार: क्रीब गॉख ही ९२३ मीटरची तांबडी धार आहे आणि उंचीची भीती असणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. ग्लिदेर वाउर (१,००१ मीटर) आणि ग्लिदेर वाख (९९४ मीटर) ही जोडी आपल्या बुद्रुक-खुर्दसारखी, मोठं आणि धाकटं. हीच विशेषणं एका ठिकाणी माउर, बाख आणि दुसरीकडे वाउर, वाख अशी दिसतात, कारण स्त्रीलिंगी नामानंतर म आणि ब चा व होतो.

याच खोऱ्यावरच्या एका तळ्याला गिर्यारोहक ‘लेक ऑस्ट्रेलिया’ म्हणू लागले, कारण वरून त्याचा आकार ऑस्ट्रेलियासारखा दिसतो. त्याचं नाव ल्हिन बॉखलुइद. शेजारच्या एका दरीला इंग्रजी मार्गदर्शिकांनी ‘निनावी दरी’ करून टाकलं. तिला नाव होतं आणि आहे: कुम क्नेव्यॉन. ‘क्नेव्यॉन’ म्हणजे कातरलेली लोकर. तिथे मेंढ्या राखणाऱ्यांची भाषा ज्याला येत नव्हती, त्याने दरीच निनावी ठरवली. मोठ्या शिखराच्या नावावर दोन तास चर्चा होते, आणि अशी लहान नावं गुपचूप मरतात. तळी, ओढे, वावरं, घरं यांची नावं एकदा गेली की परत येत नाहीत, कारण ती बहुधा कागदावर नव्हतीच. म्हणून वेल्सने २०१६ च्या कायद्याने ऐतिहासिक स्थळनामांची अधिकृत यादी ठेवण्याची तरतूद केली. ती यादी नाव बदलायला बंदी करत नाही, फक्त नोंद ठेवते. मला हे अपुरं वाटतं.

आता मोठा वाद. वेल्समधलं सर्वोच्च शिखर, १,०८५ मीटर. इंग्रजीत स्नोडन, वेल्शमध्ये अर विद्‌वा. स्नोडन म्हणजे बर्फाचा डोंगर, आणि हे नाव १०९५ इतक्या जुन्या नोंदीत सापडतं. तेव्हा ते कुणा पर्यटन खात्याने काढलेलं नाही, हे मान्य करायला हवं. ‘विद्‌वा’ म्हणजे थडग्याचा उंचवटा. राजांच्या दाढ्यांचा झगा घालणाऱ्या र्‍हिता गाउर या राक्षसाला आर्थरने मारलं आणि तो या शिखराखाली पुरला, अशी कथा आहे. मूळ शब्द ‘ग्विद्‌वा’. ‘अर’ हे उपपद लागलं की ग गळतो. सूचीत ग खाली शोधलं तर मिळत नाही. भोवतालच्या डोंगराळ मुलखाचं नाव एररी. ते ‘एरिर’, म्हणजे गरुड, यावरून आलं असं गाईड अजून सांगतात. अभ्यासकांच्या मते त्याचा अर्थ उंच प्रदेश. नवव्या शतकातल्या लॅटिन इतिहासग्रंथातही हे नाव आहे.

पाच हजारांहून जास्त सह्यांचं निवेदन आल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये इथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने ठरवलं की इंग्रजी मजकुरातही एररी आणि अर विद्‌वा हीच नावं लिहायची. पाच महिन्यांनी, १७ एप्रिल २०२३ ला, दक्षिणेतल्या ब्रेकन बीकन्स उद्यानानेही ‘बानाय ब्रखेन्योग’ हे नाव घेतलं. ‘बान’ म्हणजे शिखर, आणि ब्रखेन्योग म्हणजे पाचव्या शतकातल्या ब्रखान राजाचा मुलूख. त्या उद्यानाने सोबत पेटत्या मशालीचं बोधचिन्हही टाकलं, हवामानबदलाच्या काळात ते शोभत नाही म्हणून. माझ्या मते यात घोटाळा झाला. दोन वेगळे विषय एका दिवशी आले, वर्तमानपत्रांनी मशालीवरून रान उठवलं आणि राजा ब्रखान बाजूला राहिला. एररीचा निर्णय पुष्कळ शांतपणे पचला.

विरोधकांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या १७.८ टक्के लोकांनीच वेल्श बोलता येतं असं सांगितलं. उरलेलेही वेल्शच आहेत आणि त्यांच्या आजीआजोबांनी स्नोडनच म्हटलं. पण ज्या ग्विनेद परगण्यात हे शिखर उभं आहे, तिथे हेच प्रमाण ६४.४ टक्के आहे. शिखराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात ते अर विद्‌वाच आहे. १९९५ मध्ये ‘बॉम्बे’चं ‘मुंबई’ झालं असं जग म्हणालं. आपल्या घरात ते कधी बॉम्बे नव्हतंच. तिथली स्थिती नेमकी तीच आहे.

तरीही सगळीकडे एकच नियम लावू नये. स्वान्सी आणि अँगलसी ही नावं नॉर्स खलाशांनी ठेवली, तिथल्या कित्येक पिढ्या ती बोलल्या. आबेरताउए आणि अनिस मॉन या त्याच जागांच्या वेल्श नावांशेजारी ती राहू द्यावीत. पेम्ब्रोकशरच्या दक्षिण टोकाला शतकानुशतकं इंग्रजीच बोलली जाते, तिथली इंग्रजी नावं तिथल्याच लोकांची आहेत. ‘लेक ऑस्ट्रेलिया’ला मात्र हा हक्क नाही.

डोंगरात नावामुळे बचावपथक चुकेल, अशी भीती घालतात. खरं तर कुठल्याच भाषेतल्या नावावर विसंबू नये. ९९९ ला फोन करून आधी पोलीस मागावेत, मग पर्वतीय बचावपथक, आणि ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारा आकडा, द्यावा. शिखराचा आहे एसएच ६०९५४३. वाटांची नावं दोन्ही भाषांत पाठ असावीत. ‘स्नोडन रेंजर’ वाट पाटीवर ‘कुएल्हिन’ म्हणून दिसते, ‘मायनर्स ट्रॅक’ ‘ल्हुइब्र अ मुइनविर’ म्हणून. उतरताना धुक्यात ही गल्लत झाली तर माणूस डोंगराच्या दुसऱ्या अंगाला निघतो. ‘मायनर्स ट्रॅक’ जिथून सुरू होते त्या पेन-अ-पासचा वाहनतळ हंगामात आधी आरक्षित करावा लागतो. नाहीतर खालून ‘शेर्पार विद्‌वा’ बस घ्यावी.

दक्षिणेला उतरल्यावर बेदगेलर्ट. ‘बेद’ म्हणजे थडगं. राजपुत्र ल्हवेलिनचा गेलर्ट हा कुत्रा बाळाचं लांडग्यापासून रक्षण करतो, रक्ताळलेलं तोंड पाहून राजपुत्र त्यालाच मारतो आणि मग बाळ सुखरूप सापडतं. पंचतंत्रातली मुंगसाची गोष्ट! तीच कथा देशोदेशी फिरत इथे पोहोचली, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीला गावातल्या खाणावळीच्या मालकाने प्रवाशांसाठी थडगं उभारलं. गावाचं नाव बहुधा केलर्ट या जुन्या संतावरून आलं. नावाचा अर्थ विसरला की त्या जागी विकाऊ गोष्ट येऊन बसते.

काइरनारवॉनचा अर्थ मॉन (अँगलसी) बेटासमोरच्या मुलखातला किल्ला. ‘आर वॉन’मध्ये मॉनचा वॉन झालेला दिसतो. इंग्रजी वळणाचं ‘कार्नार्वन’ हे स्पेलिंग आता गेलं आहे, तसंच ‘पोर्टमॅडॉक’ जाऊन पॉर्थमादॉग आलं. ही स्पेलिंगं बदलली तेव्हाही लोक हरवतील असं बोललं गेलं होतं.

सामुद्रधुनी ओलांडून मॉन बेटावर गेलं की एका गावाचं ते प्रसिद्ध ५८ अक्षरी नाव. वेल्शमध्ये ल्ह, ख अशी जोडाक्षरं एकेक वर्ण असल्याने त्यांच्या मोजणीत ५१. हे लांबलचक रूप १८६० च्या दशकात प्रवासी खेचण्यासाठी रचलं गेलं. मूळ नाव ल्हानवाइर-पुल्हग्विनगिल्ह, म्हणजे पांढऱ्या हेझलच्या खळग्यातलं मेरीचं देऊळ. मेरीच्या देवळाची ‘ल्हानवाइर’ गावं वेल्सभर आहेत, म्हणून पुढे खूण जोडावी लागते. आपल्याकडे पिंपळगावाला बसवंत जोडतात तशी. तिथे उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगून ठेवावं, परतताना फलाटावरून चालकाला हात करावा, कारण गाडी मागितल्याशिवाय थांबत नाही. पूर्ण नाव म्हणण्याची गरज नाही. तिथले लोक ‘ल्हानवाइरपुल्ह’ म्हणतात.