तिसऱ्या पाळीचा बाजार

पाठीला सॅक लावून हिंडणाऱ्याला मुंबई पहिला धडा लोकलमध्ये देते. सॅक पोटावर घ्यायची, नाहीतर दारातली माणसं आधी सॅकशी आणि मग आपल्याशी भांडतात. माझा नागपूरचा भाचा हे पहिल्याच फेरीत शिकला. बँकॉक, हनोई पायी पालथं घालून आलेला पोरगा, त्याला वेळ लागला नाही. घरी आल्या आल्या मात्र त्याने विचारलं, "आत्या, तुमच्याकडचं नाइट मार्केट कुठे भरतं?"

आता याला काय सांगायचं? कमान, दिव्यांच्या माळा, ओळीने मांडलेले स्टॉल, असलं काही आमच्याकडे नाही. जानेवारी २०२० मध्ये सरकारने बिगरनिवासी भागातल्या मॉल-हॉटेलांना रात्रभर उघडं राहायची मुभा दिली, तेव्हा पेपरांत 'नाइट लाइफ'चा काय गाजावाजा! जणू तोवर आम्ही सगळे दिवेलागणीला जेवून गुडुप झोपत होतो.

माझं माहेर लालबागचं. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या. कुणी जेवून कामाला निघालेलं, तर कुणी कामावरून येऊन जेवायला बसलेलं. रस्त्यावर कुठल्याही वेळी चहा उकळत असायचा. १९८२ च्या संपानंतर भोंगे एकेक करून बंद पडले, पण शहराची रातपाळी काही बंद झाली नाही. ती हमालांकडे, टॅक्सीवाल्यांकडे, इस्पितळांतल्या वॉर्डबॉयकडे गेली आणि खाण्याच्या गाड्या मुकाट त्यांच्या मागून गेल्या. पावभाजी रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्यांसाठीच निघाली म्हणतात. ते राबणारे गिरणीतले की कापूस बाजारातले, यावर मात्र आमच्याकडे अजून वाद होतात. वडापावचं श्रेय बहुतेक जण अशोक वैद्यांना देतात. १९६६ साली त्यांनी गाडी लावली ती दादर स्टेशनबाहेर, म्हणजे कामावर जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या ऐन वाटेवर.

म्हणून भाच्याला म्हटलं, खायचं शोधत फिरू नकोस. रात्री काम कुठे चाललंय ते बघ, खायला आपोआप मिळेल.

श्रावण चालू होता, तेव्हा सुरुवात गणपतीच्या कारखान्यापासून. ताडपत्रीचा मांडव, आत हॅलोजनचा उजेड आणि रंगाचा उग्र वास. मूर्ती इतक्या दाटीने उभ्या की आपण अंग चोरूनच चालायचं. प्रत्येकीच्या पाटाला चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि न्यायची तारीख. अंगाचा रंग, पितांबर, दागिने ही कामं पोरं करत होती. डोळ्यांची आखणी मात्र एकाच्याच हातात. साठीचा माणूस, बनियन, कानाला खोचलेली पेन्सिल. त्याने उजवा हात डाव्या मनगटावर टेकवला, बारीक ब्रशने वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढली आणि मग कुठे श्वास सोडला. मग बुबुळ. शेवटी त्यात पांढऱ्याचा इवलासा ठिपका. तो ठिपका पडेपर्यंत मूर्ती कुठेच बघत नव्हती, आता नेमकी आमच्याकडे बघायला लागली. भाच्याने मोबाइल काढला तर उत्तर आलं, "थांब रे बाळा, अजून एक डोळा राहिलाय."

बाहेर सायकलवर चहाचा थर्मास आणि कोपऱ्यावर बुर्जीची गाडी. बुर्जीवाला उलथन्याच्या कडेने तव्यावर कांदा असा काही बडवतो की निम्मी जाहिरात त्या आवाजातच होते. कारखान्यातली पोरं हाताचा रंग रॉकेलने पुसून येत होती. पाव दोन बोटांत धरून खात होती, तरी रॉकेलचा वास लागत असणारच. एसी हॉलमधल्या हस्तकला मेळ्यात वस्तूला गोड गोष्टीचं कार्ड बांधलेलं असतं, पण हा वास तिथे येत नाही. मला ते मेळे आवडत नाहीत असं नाही. तिथे बसायला खुर्ची मिळते.

भाच्याला दाखवायचं बरंच राहिलं, कारण आमचे अर्धे बाजार पंचांगावर चालतात. माहीमच्या कंदील गल्लीला दिवाळीच हवी. वांद्र्याच्या मोतमावलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा सप्टेंबरात. तिथे नवसाचे मेणाचे हात, पाय, घरं मिळतात आणि परदेशी जायचं असेल तर विमानसुद्धा. मिनारा मशिदीजवळची रात्र खरी रमजानात. मालपोवा तिथे कढईतून निघतो तेव्हा परातीएवढा दिसतो. मी मात्र फिरनीवाली. मातीची पसरट वाटी पाणी शोषून घेते, म्हणून फिरनी कडेला जास्त घट्ट लागते. तिथूनच सुरुवात करावी.

झवेरी बाजार बारमाही. रात्री दुकानांची शटरं पडली की झारेकरी येतात आणि कारागिरांच्या दारातली, पायरीच्या फटीतली, गटाराच्या तोंडाशी साचलेली धूळ झाडून गोळा करतात. ती धुऊन, गाळून, त्यातून सोन्याचा कण काढायचा. भाच्याला हे आधी थापच वाटली. मग एका बाईला ब्रशने पायरी झाडताना पाहून तो आपण कुठे पाय ठेवतोय ते बघत चालायला लागला.

दादरचा फुलबाजार पहाटेचा. पुलाखाली झेंडूच्या गोण्या, शेवंतीचे ढीग, वसईकडचा सोनचाफा, पायाखाली पानांचा चिखल. एक मावशी गजरा बांधत होत्या. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला, मोगऱ्याच्या दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, मध्ये फास. सुई नाहीच. तोंडाने शेजारणीशी सुनेची गाऱ्हाणी चालू होती आणि बोटांकडे त्यांचं अजिबात लक्ष नव्हतं. भाच्याने शिकवा म्हटल्यावर त्यांनी दोरा दिला. त्याची पहिली गाठ कळ्यांसकट निसटली, दुसरीने कळीची मानच तोडली.

"राहू दे, विकत घे," त्या म्हणाल्या. "वीसला दोन. आणि बाजूला हो आधी, मागून पाटी येतेय."

पाटीवाला ओरडत होताच.