खळ्यावरची उपासना

धुळे-नंदुरबार रस्त्यापासून थोडे आत असलेल्या आमच्या गावात ख्रिस्ती मंडळीची रविवारची उपासना आटोपली, की अर्पण मोजण्याचे काम गेली सात वर्षे माझ्याकडे आहे. मंडळीतले लोक ओट्यावर उभे राहून एकमेकांची खुशाली विचारत असतात, आणि आम्ही दोघे आतल्या टेबलावर थैली रिकामी करतो. चुरगळलेल्या नोटा सरळ करायच्या, नाण्यांच्या चळती लावायच्या, वहीत आकडा मांडून दोघांनी सह्या करायच्या, एवढेच ते काम. तरीही उपासनेविषयी मला जे थोडेफार उमगले आहे, त्यातले बरेचसे याच टेबलापाशी उमगले.

हे लिहायला निमित्त झाले ते मागच्या महिन्यातल्या बैठकीचे. तरुण मंडळींनी सुचवले, की ‘वरशिप’ अर्धा तास ठेवावी, त्यानंतर ‘मेसेज’ म्हणजे प्रवचन अर्धा तास, म्हणजे बाराच्या आत सगळे मोकळे होतील. सूचना वाईट हेतूने केलेली नव्हती. पण वरशिप म्हणजे फक्त गाणी, आणि शास्त्रवाचन, पापांगीकार म्हणजे पापांची कबुली, इतरांसाठी मध्यस्थीची प्रार्थना, अर्पण, भाकर आणि द्राक्षारसाचे प्रभुभोजन हे सगळे त्याच्या मागेपुढे उरकायचे काहीतरी, अशी जी वाटणी अलीकडे सर्रास बोलण्यात आली आहे, ती मला खटकली. मी स्वतः गायनमंडळात वाढलो असल्यामुळे गाण्यांशी माझे वैर असण्याचे कारण नाही. मात्र ढोलकीवाला आला नाही म्हणून ‘आज काही रंगले नाही’ असे म्हणत लोक घरी जातात, तेव्हा आपण नेमके कोणाला रंगवण्यासाठी जमलो होतो, असे विचारावेसे वाटते.

मराठी ख्रिस्ती लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला शब्द ‘उपासना’ हा आहे आणि तो मला फार समर्पक वाटतो. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘आस्’ म्हणजे बसणे; जवळ जाऊन बसणे, असा त्याचा सरळ अर्थ. बायबलच्या जुन्या करारात यासाठी जो इब्री शब्द आहे, त्यात बसण्याऐवजी वाकणे आहे, तेही कपाळ जमिनीला टेकेल इतके वाकणे. नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात प्रेषित पौलाने जो ग्रीक शब्द योजला आहे, त्याचा रोख सेवेकडे आहे, आणि म्हणूनच तो वाचकांकडे स्तोत्र मागत नाही, त्यांची शरीरे जिवंत यज्ञ म्हणून मागतो. उत्पत्तीच्या 22व्या अध्यायात देवाच्या आज्ञेवरून मुलाचा होम करायला निघालेला अब्राहाम आपल्या चाकरांना सांगतो, की मी आणि मुलगा तिकडे जाऊन आराधना करून येतो. त्या आराधनेत ना वाद्य होते, ना सभा. लाकडे, विस्तव, सुरी आणि काहीही मागे न ठेवणारा एक बाप, एवढेच तिथे होते.

मला सगळ्यांत जवळची वाटते ती मात्र दावीद राजाच्या खळ्याची गोष्ट, कदाचित आम्ही शेतकरी असल्यामुळे असेल. देशात मरी पसरली होती, आणि अरवना नावाच्या यबूसी माणसाच्या खळ्यावर वेदी बांध, असे गाद संदेष्ट्याने दाविदाला सांगितले. राजा स्वतः आपल्या खळ्यावर आलेला पाहून अरवनाने जागा देऊ केली, होमासाठी बैल देऊ केले, सरपणाला मळणीची अवजारे आणि बैलांचे जूसुद्धा देऊ केले. दाविदाने ते फुकट घेतले नाही. ज्यासाठी मला काही मोजावे लागले नाही, ते मी माझ्या देवाला अर्पण करणार नाही, असे म्हणून त्याने 50 शेकेल रुपे मोजून खळे आणि बैल विकत घेतले. पुढे त्याच्या मुलाने, शलमोनाने, मंदिर बांधले ते याच खळ्याच्या जागी, असे बायबलमधल्या ‘दुसरे इतिहास’ या पुस्तकात लिहिले आहे. ज्याने कधी खळ्यावर धान्य उपणले आहे, वाऱ्याची वाट पाहत अंगभर भुसा घेतला आहे, त्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये, की घामाच्या जागेवर देवाचे घर उभे राहणे म्हणजे काय.

आमच्या मंडळीत एक विधवा बाई येतात. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी किलोवर मिळते, आणि बाजार असो वा रविवार, जो वेचेल त्यालाच पैसे. रविवारी त्या उपासनेला येतात म्हणजे त्यांची अर्ध्या दिवसाची वेचणी बुडते. उपासना लांबली तर जवळजवळ पूर्णच. त्या थैलीत पैसे क्वचित टाकतात. दर वेळी भाकरी करायला घेताना पिठाआधी मूठभर दादर ज्वारी बाजूला काढून ठेवायची आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ती रुमालात बांधून आणायची, अशी त्यांची रीत आहे. रुमाल जुना, निळ्या काठाचा, आणि गाठ इतकी घट्ट, की ती सोडायला मला दात लावावे लागतात. मी वहीत लिहितो, ‘दादर, अंदाजे दीड किलो’, आणि पुढे बाजारभावाने रक्कम मांडतो. बुडालेल्या मजुरीसाठी त्या वहीत रकाना नाही. मार्काच्या 12व्या अध्यायात येशू दानकोशासमोर बसून लोक कसे पैसे टाकतात ते पाहत होता आणि दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकणाऱ्या विधवेकडे त्याने शिष्यांचे लक्ष वेधले, हा भाग मी लहानपणी शब्बाथशाळेत पाठ केला होता. तो हिशेब वहीच्या आकड्यांनी होत नव्हता, हे मात्र टेबलावर बसल्यावरच कळले. थैली आमच्या मंडळीतल्या त्या बाईंपर्यंत पोचण्याआधीच त्यांचे अर्पण होऊन गेलेले असते.

उपासनेचा क्रम हा काही गोऱ्या मिशनऱ्यांनी इथे येऊन लादला, असे मानणाऱ्यांसाठी थोडे विषयांतर करतो. इसवी सन 155च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने सम्राटाला उद्देशून लिहिताना रविवारच्या सभेचे वर्णन करून ठेवले आहे. प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वाचले जात, पुढारी बोध करी, सगळे उभे राहून प्रार्थना करीत, भाकर आणि द्राक्षारस वाटला जाई, जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी तो घरी पाठवला जाई, आणि ज्यांना देता येईल त्यांनी दिलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांची सोय केली जाई. आमच्या पश्चिम खान्देशात मिशनरी आले ते त्यानंतर कितीतरी शतकांनी. त्यांनी पेटीत बांधून आणलेला क्रम मुळात त्यांचाही नव्हता. गाण्यांच्या बाबतीत मात्र मराठी मंडळीने फार लवकर आपला सूर शोधला, आणि त्याचे मोठे श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळकांना (1861–1919) जाते. परक्या चालींत कोंबलेल्या मराठी शब्दांऐवजी अभंगाच्या आणि भजनाच्या वळणाने ख्रिस्ताला हाक मारता येते, हे त्यांनी दाखवून दिले. नवापूरकडच्या मंडळ्यांत मावची या आदिवासी बोलीत गाणी होतात, तिथे एकदा मी गेलो होतो. शब्द निम्मेच कळले, पण बायका ज्या ठिकाणी डोळे पुसत होत्या, तिथे काय म्हटले जात असावे हे कळायला अडचण आली नाही.

उपासनेत नेहमी आनंदच असला पाहिजे, हीदेखील अलीकडची एक सक्ती आहे. 2017च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कापूस खाल्ला, त्या वर्षी आमचा कापणीचा सण कसा होणार, हे कोणालाच समजत नव्हते. एरवी त्या दिवशी वेदीसमोर भोपळे, केळीचे घड, मक्याची कणसे यांची रास लागते आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. त्या वर्षी एका शेतकऱ्याने किडकी बोंडे आणून ठेवली. काही लोकांना ते अशुभ वाटले. मलाही, खरे सांगायचे तर, क्षणभर राग आला. पाळकसाहेबांनी ती बोंडे तशीच राहू दिली आणि हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचला, ज्यात अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, शेतांत अन्न पिकले नाही आणि गोठ्यात गुरे उरली नाहीत, आणि तरीही संदेष्टा परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन म्हणतो. त्या ‘तरीही’पाशी पाळकसाहेबांचा आवाज अडकला, कारण त्यांचाही दोन एकर कापूस गेला होता. त्या दिवशी गाणी धड झाली नाहीत. तशी उपासना मी पुन्हा पाहिलेली नाही.

आता जे सांगायचे, ते जरा अवघड आहे. वडिलांच्या माघारी वाटण्या झाल्या तेव्हा विहीर सामाईक राहिली, आणि पाण्याच्या पाळीवरून माझे व थोरल्या भावाचे बिनसले. तीन वर्षे आम्ही बोलत नव्हतो. दोघेही एकाच मंडळीत, दर रविवारी तो उजवीकडे तिसऱ्या ओळीत बसे, आणि मी थैली घेऊन त्या ओळीत जाई. थैलीच्या लाकडी दांड्याचे एक टोक माझ्या हातात, त्याचा हात थैलीत, आणि दोघांची नजर त्या थैलीच्या मखमलीवर. अशा शंभराहून जास्त रविवारी मी त्याच्याकडून देवासाठी पैसे घेतले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने सांगितले आहे, की तू आपले दान वेदीजवळ आणले असता भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. या वचनाची अडचण अशी, की त्यात चूक कोणाची हे विचारलेलेच नाही. माझ्याकडे चूक कोणाची याचे कागद होते, तलाठ्याचा उतारा होता, दोन साक्षीदार होते. आमोसाच्या पाचव्या अध्यायात परमेश्वर म्हणतो, की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा. तो भाग मी दुसऱ्यांना उद्देशून अनेकदा वाचून दाखवला होता.

शेवटी गेलो तो एका शनिवारी संध्याकाळी, आणि त्यात आध्यात्मिक धैर्य वगैरे काही नव्हते. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होते आणि मला भाकरीचे ताट फिरवायचे होते, एवढेच. वहिनींनी चहा ठेवला. भाऊ बराच वेळ बैलांच्या भावाविषयी बोलला, मीही बोललो. विहिरीचा विषय निघाला तेव्हा त्याचा आवाज चढला, माझाही चढला, आणि चहा निवाला. निघताना मी म्हटले, की माझे चुकले. नेमके काय चुकले ते मी सांगितले नाही, त्यानेही विचारले नाही. पाण्याची पाळी अजूनही कागदावर ठरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी अर्पणाचे गीत चालू असताना मी थैली घेऊन तिसऱ्या ओळीत गेलो. त्याने नोट टाकली, हात तसाच थैलीत ठेवून वर पाहिले आणि गाण्याच्या आवाजाखाली अहिराणीत विहिरीवरच्या पंपाच्या विजेविषयी विचारले, “या आठोडाम्हा लाईट दिननी शे का रातनी?”

“रातनी,” मी म्हटले, आणि पुढच्या माणसाकडे थैली नेली.