आढीतले अव्होकॅडो

गेल्या मे महिन्यात आमच्या सोलापूरच्या हॉटेलात लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची मेजवानी होती आणि यजमानांनी 40 पेले अव्होकॅडो मार्गारिटा, म्हणजे टकिला हे मद्य आणि लिंबू घालून केलेले कॉकटेल, आवर्जून सांगितली होती. पुण्याहून दोन डझन फळे आली, ती दगडासारखी कडक. हे फळ झाडावर पिकत नाही, तोडल्यानंतरच पिकते. म्हणून आमच्या आचारीकाकांच्या सल्ल्याने मी आंब्यासारखी त्याची आढी घातली. गवताऐवजी कागद आणि मध्ये चार पिकली केळी, कारण केळ्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने इतर फळेही लवकर पिकतात. चूक झाली ती जागेची. आढी होती मागच्या पत्र्याच्या खोलीत, आणि बाहेर पारा 42 अंशांवर गेला होता.

शनिवारी दुपारी पहिले फळ चिरले. साल काळी, दाबल्यावर मऊ. पण आत देठाकडचा गर करडा, बियेजवळचा अजून घट्ट, आणि मधून दोऱ्यासारख्या काळ्या शिरा. अव्होकॅडोला 30 अंशांपुढची उष्णता सोसत नाही, ते सगळीकडून सारखे पिकत नाही. एकेक चिरून, चाखून पाहिले, तेव्हा 24 पैकी 11 हाती लागली. पेल्याला पाव फळ या हिशेबाने दहा पुरेशी होती.

मॅनेजरसाहेबांचे म्हणणे होते की सगळा गर आधीच वाटून ठेवावा. अकरावे फळ मी त्या परीक्षेसाठी खर्च केले: अर्धा गर नुसताच वाटला, अर्ध्यात लिंबू पिळून त्याच्या अंगाला चिकटेल असा प्लास्टिकचा पापुद्रा लावला. तासाभरात पहिल्यावर तपकिरी थर आला होता, कारण हवा लागताच गरातील विकर (एन्झाइम) आपले काम सुरू करते. लिंबाच्या आंबटपणाने ते मंदावते. दुसरा हिरवाच होता. तरीही साहेब स्वतःच म्हणाले, “राहू द्या, मागणी येईल तसं चिरा.”

चवीचा प्रश्न वेगळाच निघाला. फळातील स्निग्धता टकिलाचा तिखटपणा जसा झाकते तसा लिंबाचा आंबटपणाही झाकते, त्यामुळे नेहमीच्या प्रमाणाने केलेला पहिला पेला मला अगदी मवाळ लागला. मग 60 मिली टकिला, 20 मिली संत्र्याचे लिक्युअर आणि 15 मिली साखरेचा पाक तसाच ठेवून कागदी लिंबाचा रस 20 वरून 30 मिलीवर नेला, चिमूटभर मीठ घातले आणि बर्फासह मिक्सर अगदी थोडाच वेळ फिरवला, कारण जास्त फिरवल्यास बर्फ विरघळून पेय पाणचट होते. बारीक गाळणीतून उतरलेल्या त्या फिकट हिरव्या पेयाला घट्ट ताकासारखा दाटपणा होता. मला ते मनापासून आवडले.

रात्री साडेअकराला शेवटची पाव फोड उरली होती. विजापूरहून आलेल्या यजमानांच्या आजींनी मद्याशिवाय पेला मागितला, म्हणून त्यात टकिला आणि लिक्युअर न घालता थोडा पाक वाढवला. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, “हे तर आमचं बटर फ्रूट की! आम्ही दुधात घालतो.”